पेनड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकू रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात त्यांच्या वडिलांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे होती आणि तो लावला की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश पडद्यावर येत होता. काकूंनी ‘कॅन्सल’ दाबले आणि पेनड्राइव्ह काढून ठेवला. त्यांनी त्या क्षणी जे केले, तेच आपण सर्वांनी करावे, एवढ्यासाठी आज मी बोलतो आहे.

‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो खरे, पण अडचण नेमकी कुठे आहे हे आधी पाहावे लागते. पेनड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहिले, तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्या किंचित लांब असतात, कारण त्यांतून वीज येते आणि ती आधी पोहोचावी लागते. माहिती मधल्या दोन पट्ट्यांतून जाते. म्हणूनच मधल्या पट्ट्यांवर मळ बसला, तर दिवा लागतो आणि तरीही संगणकाला काही कळत नाही. अशा वेळी पोर्ट बदलून पाहावे, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा पोर्ट वापरावा, कारण तो थेट मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, असतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून मिळणारी ५०० मिलिअँपिअर वीज कधी कधी अपुरी पडते. काही केबल तर निव्वळ चार्जिंगच्याच असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतातच.

हे सारे ठीक असेल, तर विंडोजमध्ये स्टार्टवर उजवे बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे ड्राइव्ह ‘हेल्दी’ दिसत असेल आणि त्याला केवळ ई:, एफ: यांसारखे ओळखीचे अक्षर मिळालेले नसेल, तर उजव्या बटणाने ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ निवडून अक्षर द्यावे. बहुतेक वेळा काम तेवढ्यावरच भागते. ‘नो मीडिया’ असे दिसले, तर बिघाड बहुधा पेनड्राइव्हच्या आतच असतो आणि घरगुती उपायांनी तो सुटत नाही. ‘रॉ’ असे दिसले, म्हणजे आतली माहिती कशी मांडली आहे हे विंडोजला ओळखता आले नाही, तर मात्र थांबावे. लिनक्सवर ईएक्सटी४ या मांडणीने तयार केलेली डिस्कही विंडोजला वाचता येत नाही आणि आतली माहिती धडधाकट असूनही विंडोज ती फॉरमॅट करायला सुचवतो, हे मला फार धोक्याचे वाटते.

काकूंचा पेनड्राइव्ह ‘रॉ’ दिसत होता. मी प्रथम त्याची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे संपूर्ण नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवरच केले. फॅट३२ या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या मांडणीत सुरुवातीच्या बूट सेक्टरची, म्हणजे मांडणीची माहिती असलेल्या पहिल्या छोट्या भागाची, एक नक्कल थोड्या अंतरावर, सहसा सहाव्या सेक्टरवर, ठेवलेली असते. ‘टेस्टडिस्क’ या मोफत प्रोग्रॅमने ती नक्कल मूळ जागी बसवली आणि सगळी फोल्डरे दिसू लागली. फॉरमॅट झाले असते, तर ही नक्कलही गेली असती आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंदही पुसली गेली असती.

ती कीर्तने आता काकूंच्या संगणकावर आणि त्यांच्या मुलीच्या हार्ड डिस्कवर, अशी दोन ठिकाणी आहेत.

नमस्कार.