तागावरचं ठिपक्यांचं पाखरू

नमस्कार मंडळी. आर्वीजवळ आमच्या वावरात उभा आहे, तागाच्या पट्ट्यात. सकाळचे साडेदहा झालेत, ऊन चांगलंच तापलंय. आता पाय टाकतो, बघा... उडालं! चार हात गेलं आणि बसलं परत.

कॅमेरा जवळ आणतो. पांढऱ्या पंखांवर कुंकवाचे ठिपके, मधेमधे काजळाचे. आजी याला फुलपाखरूच म्हणायची. पण मिशा बघा, दोऱ्यासारख्या, टोकाला गाठ नाही. पंखही छपरासारखे अंगावर मिटलेत. हा पतंग आहे, युटेथिसा पुल्केला. यातलं ‘पुल्केला’ हे नाव स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५८ साली दिलं. पुल्केला म्हणजे ‘सुंदरशी’. किती नेमकं!

पतंग तर रात्री दिव्यावर येणारे, मळकट रंगाचे. मग हा भर उन्हात एवढा नटून कसा फिरतो? कारण हा ताग. ताग आणि धुऱ्यावरचा खुळखुळा सख्खी भावंडं. त्यांच्या अंगात अल्कलॉइड नावाचं विष असतं, गुरांचं यकृत बिघडवणारं. याची काळी केसाळ अळी तीच पानं खाते, शेंगेत डोकं घालून बिया खाते, आणि ते विष अंगात साठवते. कोषातून पतंग निघाला तरी विष अंगातच. म्हणून लपायची गरज नाही. उलट ठिपके लांबून दिसलेलेच बरे.

याच्या अमेरिकी भावंडावर कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर यांनी काम केलं. मला त्यातला कोळी विसरता येत नाही. पतंग जाळ्यात अडकला, कोळी धावत आला, त्यानं चाचपलं, आणि भोवतीचे धागे तोडून त्याला चक्क सोडून दिलं! घेवड्याच्या बिनविषारी खाद्यावर वाढवलेला पतंग मात्र कोळ्यानं खाल्ला. आणखी एक: मीलनाच्या वेळी नर आपल्यातलं थोडं विष मादीला देतो, ती ते अंड्यांत उतरवते. म्हणजे अंड्याला आईबाप दोघांचं राखण.

परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, “कोणतं औषध मारू याले?” काकू, बियाण्यासाठी ताग ठेवला असेल तर शेंगांवर लक्ष ठेवा, तिथं अळी नुकसान करते. पण तुमचा ताग फुलोऱ्यात आला की खत म्हणून गाडायचाच आहे ना? मग पानाला चार भोकं पडली म्हणून फवारा कायले?

ही अळी चुकून माझ्या बाहीवर चढली होती. तिला परत शेंगेवर ठेवतो.