थंड स्किंक माणसाळलेला नसतो

(सांगलीत प्राणी पाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा प्राणी, ब्लू टंग म्हणजे निळ्या जिभेचा स्किंक, सोबत आणलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या रांगेतली मुलं हिरमुसलेली दिसताहेत, पण इलाज नाही. सभागृहभर लोकांनी एकेकदा हात लावायचा, फोटो काढायचे, वर हा एसीचा गारवा, आणि मग मी म्हणायचं, "बघा, कसा शांत बसलाय." मला आज नेमकं या शांत बसण्याबद्दलच बोलायचं आहे.

ब्लू टंग स्किंक म्हणजे पाचोळ्यातून सळसळत जाणाऱ्या आपल्या सापसुरळीच्या कुळातला. राहणारा मात्र ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या बेटांवरचा. दीड ते दोन फूट लांब, अंगानं जाड, पाय आखूड. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे आज सातवीतल्या मुलानं हट्ट केला, तर त्याच्या लग्नापर्यंत हा घरात असणार. मुलगा नोकरीला पुण्याला गेला की पेटी कोण साफ करणार, ते आईला आजच विचारून ठेवा.

जिभेचं थोडक्यात सांगतो. घार, साप, घोरपड असा शत्रू अगदी अंगावर आला की हा जबडा फाकवून रुंद निळी जीभ बाहेर काढतो, फुसकारतो. ही जीभ अतिनील किरणंही परावर्तित करते, आणि तिचा मागचा भाग टोकापेक्षा बराच जास्त उजळ असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. मागचा भाग उघडा पडतो तो शेवटच्या क्षणी, शत्रूला दचकवायला. तेव्हा व्हिडिओसाठी त्याला डिवचून जीभ काढायला लावणं म्हणजे त्याला जिवाची भीती घालणं आहे. हे करू नका, एवढंच.

आता मुद्द्याला येतो. या प्राण्याचं शरीर आतून ऊब तयार करत नाही. अन्न पचवणं, रोगाशी झगडणं, पळणं, चिडणं, सगळ्याला बाहेरची उष्णता लागते. अंग थंड असेल तर तो फुसकारणारसुद्धा नाही, कारण तेवढी ताकदच नसते. आणि आपण म्हणतो, छान माणसाळलाय! विकणारेही असाच गार पडलेला प्राणी हातावर ठेवतात. म्हणून विकत घेताना तो किती शांत आहे ते विचारू नका; पेटीत तापमान किती आहे ते विचारा. मग ऊब मिळालेला प्राणी बघा. तो डोळे उघडे ठेवून, सावकाश जीभ लपलपवत तुमचा हात तपासतो. हातात डोळे मिटून बसला, तर बहुतेक वेळा तो सुखावलेला नसतो, 'हे कधी संपतंय' या अवस्थेत असतो.

पेटी किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद. एका टोकाला दिवा, त्याच्याखाली सपाट दगड. दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४० अंश, दुसरं टोक २५ च्या आसपास. मधल्या जागेत त्याची त्यानं ये-जा करायची. दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तो आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, हवंच. तापमान मोजायला कोविडातली कपाळाची बंदूक वापरू नका, तिचा पल्ला माणसाच्या तापापुरता असतो. बाजारात मिळणारा विजेवर तापणारा दगडही नको. त्यानं पोट भाजतं आणि प्राणी तरी तिथून उठत नाही.

इथं सांगलीकर मला हमखास म्हणतात, "आपल्याकडं काय कमी ऊन आहे का? दिवा कशाला?" बरोबर उलटं आहे. ही सगळी माहिती थंड देशांतून येते, तिथं गरम टोक कसं करायचं याची चिंता असते. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात अडचण गार टोकाची. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी सगळी पेटीच ४० वर गेली, तर त्याला सरकायला जागा उरत नाही, आणि तो मरतो. त्यामुळे उन्हाळ्यात पेटी खालच्या मजल्यावर शहाबादी फरशीवर ठेवा, दुपारी दिवा बंद करा, गार टोकावर बाहेरून ओलं गोणपाट टाका. डिसेंबरात मात्र पहाटेच्या गारठ्यानंतर त्याला सकाळी दिवा लागतोच.

काचेची पेटी उन्हात ठेवायची नाही, भट्टी होते. आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा हाडांना फायदा नाही, कारण कॅल्शियमसाठी लागणारं यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, काच अडवते. त्यासाठी वेगळी ट्यूब मिळते. सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, शेजारी स्वतः बसून दिलं तर उत्तमच. स्वतः बसून म्हणतोय, कारण मांजर आणि कावळे वाटच बघत असतात.

आता हाताळणं. नवा प्राणी आणला की पहिला आठवडा-दोन आठवडे हात लावायचा नाही. तो नियमित खायला लागू दे. मग हात वरून न्यायचा नाही. वरून येतं ते त्याच्या लेखी शिकारी पाखरूच. बाजूनं, खालच्या पातळीवर, त्याला दिसेल असा हात आणायचा. एक तळहात छातीखाली सरकवायचा, दुसरा मागच्या पायांखाली, शेपटीच्या बुडाशी. चारही पाय कशावर तरी टेकले पाहिजेत. अधांतरी पाय राहिले की तो वळवळतो, वळवळला की आपण आवळतो, आणि तिथून सगळं बिघडत जातं. शेपटी धरून उचलायचा तर प्रश्नच नाही, पिल्लांची शेपटी तुटू शकते. पुन्हा वाढते, पण आखूड आणि बेढब. उभ्यानं हाताळू नका, जमिनीवर मांडी घालून बसा. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. अंग चपटं केलं, जोरात श्वास टाकायला लागला, की खाली ठेवा. पोटभर खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकताना हात लावू नका.

चावला तर? विष नाही. पण गोगलगाईचं शंख फोडणारा जबडा आहे, चिमटा चांगलाच बसतो. हात हिसडायचा नाही. त्याला जमिनीवर टेकवा, तो सोडतो. हाताळून झालं की साबणानं हात धुवायचे, याला माफी नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात हा देऊच नका.

आपला जिल्हा बत्तीस शिराळ्याचा. जिवंत नाग हाताळायची परंपरा इथली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याला आळा बसला. धीट हातांचा अभिमान आपल्या रक्तात आहे हे मला मान्य, पण स्किंकच्या बाबतीत धीटपणाचा काही उपयोग नाही. इथं लागतो कंटाळा न येणारा माणूस.

खाणं. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून एकदा-दोनदा, पिल्लांना दोन-तीन दिवसांनी. निम्मी भाजी, निम्मं उकडलेलं अंडं, चिकन, किडे. लाल भोपळा, घेवडा, दोडका, शेवग्याचा पाला चालतो, आणि जास्वंदीचं फूल तर काही जण हातातून ओढून घेतात. वरून कॅल्शियमची पूड. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही. पालक क्वचित. रानात हा गोगलगाई आवडीनं खातो, म्हणून कुणीतरी उसातल्या गोळा करून आणतोच. आणू नका. त्यांच्यात परजीवी असतात, आणि गोगलगाईंसाठी टाकलेलं विषही. द्राक्षबागेतले किडे आणि पालाही तसाच, औषध मारलेला.

दोन प्राणी एका पेटीत ठेवू नका. हे एकटे राहणारे आहेत, एकमेकांचे पाय तोडतात. इंडोनेशियाच्या बेटांवरच्या प्राण्याला दमट हवा लागते, उत्तर ऑस्ट्रेलियातल्याला कमी. तुमचा कुठला, ते घेतानाच समजून घ्या. कात टाकल्यावर बोटं तपासा. जुनी कात बोटाला दोऱ्यासारखी आवळून राहिली तर बोट वाळून गळतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून कापसाच्या काडीनं ती सोडवा.

कायद्याचं सांगणं भाग आहे. ऑस्ट्रेलिया आपले रानातले प्राणी धंद्यासाठी जिवंत बाहेर पाठवू देत नाही. आपल्याकडं वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि परदेशी संरक्षित प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ साली आले. नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. घेण्याआधी या संरक्षित प्राण्यांची यादी तपासा आणि विकणाऱ्याकडून कागद मागा. कागद नसेल तर पैसे देऊ नका. कंटाळा आला म्हणून कृष्णाकाठी सोडून देणं तर नाहीच.

मागून ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "पुरात वीज गेली तर?" सांगलीत हा प्रश्न येणारच, २०१९ आपण सगळ्यांनी बघितलंय. हवेला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा क्रेट आधीच तयार ठेवा, आत जुना टॉवेल. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी. आणि वीज येऊन दिवा लागेपर्यंत खायला घालायचं नाही. अंग गार असताना पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं. धडधाकट मोठा प्राणी दोन आठवडे उपाशी राहू शकतो, प्यायला पाणी मात्र रोज बदलायचं.