फुटते हे कळलं, कुठे फुटते ते नाही

(दापोलीतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, फळ्यावर ही संख्या लिहून ठेवली आहे: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी. दोनाचा ६७ वा घात काढायचा, त्यातून एक वजा करायचा, की ही येते. मरिन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ साली आपल्या यादीत हिला मूळ संख्या ठरवलं आणि तो मोकळा झाला. पडताळणार कोण? सव्वादोनशे वर्षं ते कुणाला जमलं नाही. (त्याला ६१ म्हणायचं होतं, छापताना ६७ झालं, असंही काही जण म्हणतात. ६१ व्या घातातून खरंच मूळ संख्या मिळते आणि यादीत ६१ नाही, तेव्हा तर्क अगदीच टाकाऊ नाही.)

मग आलं १८७६. आपल्या तालुक्यात मुर्डीला रँग्लर परांजपे जन्मले ते हेच साल, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. त्या वर्षी एद्वार लुका या फ्रेंच गणितज्ञानं दाखवून दिलं की ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. अवयव कोणते? ते त्यालाही ठाऊक नव्हते. हापूस कापल्याशिवाय आत साका, म्हणजे नासलेला गर, आहे की नाही हे भल्या भल्या बागायतदाराला सांगता येत नाही. लुकानं न कापता सांगितलं!

कसं, ते लहान संख्येवर बघू. लुकाची रीत पुढे लेहमर या अमेरिकन गणितज्ञानं सुटसुटीत केली, ती घेतो. ३१ घ्या, म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, दोन वजा करा: १४. पुन्हा तेच: १९४. त्याला ३१ नं भागून बाकी ठेवा: ८. पुन्हा: ६४ उणे २, म्हणजे ६२. बाकी शून्य. घातांक पाच, म्हणून पायऱ्या दोन कमी, तीन. शेवटी शून्य आलं, तर संख्या मूळ. नाही आलं, तर संयुक्त. (घातांक मात्र विषम आणि मूळ हवा.) आपल्या संख्येला अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. यात आपण अवयव कुठेच शोधला नाही, हे नीट बघा.

ते सापडायला आणखी २७ वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हा अमेरिकन गणितज्ञ फळ्याशी गेला. एकीकडे घात काढून एक वजा केला, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ नं गुणलं. उत्तर एकच. अवाक्षर न बोलता तो जागेवर जाऊन बसला आणि टाळ्या पडल्या. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले, असं सांगतात. माझ्यासारख्या बडबड्याला हे व्याख्यान कधी झेपणार नाही.

जुन्या मंडळींसाठी नवाचा ताळा करू. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे शेवटी १. दुसऱ्याची ६४, तीही १. एक गुणिले एक, एक. मोठ्या संख्येची १०९, पुन्हा १. जमला! ताळ्यानं चूक पकडता येते, खात्री मात्र मिळत नाही. त्यासाठी गुणाकारच करायला हवा.

कोलला आंधळेपणानं शोधायचं नव्हतं. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या (६७ च्या दुपटीच्या) पटीत एक मिळवून येतो. हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या छोट्या प्रमेयातून निघतं. शिवाय आठानं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. १३५ पाचानं जातो, बाद. २६९ मूळ आहे, पण आठानं भागल्यावर बाकी ५, बाद. लहान अवयव या रांगेत १४,४५,५८० वा आहे. इतकं चालत जाणं हातानं शक्य नव्हतं, म्हणून कोलनं वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांच्या, आणखी चाळण्या लावल्या.

आज हे काम संगणक चुटकीसरशी करतो. पण लुकाची अवस्था संपलेली नाही. दोनाचा १०,४८,५७६ वा घात अधिक एक, ही विसावी फर्मा संख्या (घातांक स्वतःच दोनाचा घात, इथे विसावा), ३,१५,६५३ अंकी. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, अवयव मात्र एकही सापडलेला नाही. तिचा कुठलाही मूळ अवयव ४१,९४,३०४ च्या पटीत एक मिळवूनच येणार, एवढं नक्की. शोधणारे त्याच रांगेत पुढे सरकतायत.