भाकरी बंद केली की पोट जातंय काय?

पहाटेचे साडेपाच, बेळगावजवळच्या येळ्ळूरातलं स्वयंपाकघर. चूल पेटलीय, काठवटीत शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पीठ. मामीचा हात कसा चालतोय बघा. शाळूला गव्हासारखा चिकटपणा नसतोय, म्हणून पिठात उकळतं पाणी घालायचं, त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं, मग तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं, कमी मळलं की भाकरी कडेला चिरली म्हणून समजा. उंडा घेतला, थापत थापत गोल फिरवली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटली आणि शेवटी निखाऱ्यावर. ही बघा फुगली, टम्म!

आणि हीच भाकरी लोक बंद करायलेत, कार्ब्स, म्हणजे स्टार्च-साखर, आहेत म्हणून. आहेतच की. शंभर ग्रॅम पिठात साधारण 70 ग्रॅम, पण गव्हातही जवळपास तेवढेच, म्हणजे चपाती सोडून तेवढीच भाकरी खाल्ली तर चरबीचं काही होत नाही. आणि सगळंच सोडलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात ते बरंचसं पाणी, कारण शरीरात साठलेल्या एकेक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीच्या साखरेबरोबर, तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. 2018 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांना वर्षभर तपासलं, काहींचे कार्ब्स कमी, काहींचं फॅट कमी, दोन्हीकडं सरासरी पाच-सहा किलोच उतरले, फारसा फरक नाही.

मग अडतंय कुठं? आता हे ताट बघा. दोन भाकरी झाल्या की वर भाताचा डोंगर, आमटी नुसती भिजवण्यापुरती, पालेभाजी चमचाभर. आणि दिवसाचे चार गोड चहा, ते कोण मोजतच नाही.

ही बेळगावातली कुंद्याची कढई. दूध आटतंय, साखर पडली, रंग तपकिरी होईपर्यंत हलवत राहायचं, हात थांबला की लागलं खाली. कुंदा खावा, सणाला, वाटीतला चमचा. आणि गूळ चालतो म्हणणाऱ्यांसाठी, कॅलरीत गूळ आणि साखर जवळपास सारखेच.

परत मामीचं ताट. आधी मटकीची उसळ आणि कांदा-काकडी, मग एक भाकरी, पालेभाजी भरपूर, ताक. भात एकवेळच, तोही एक वाटी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच भाकरी-भात कमी करायचा, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटर, बायकांची 80, त्याच्या वर गेली की शुगर, बीपी, हार्ट सगळ्याचाच धोका वाढतो.

आणि हे बेळगावातलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान, सकाळी सहा. झाडाखालून झपझप चाललेले हे काका नाष्ट्याला घरी जाणार आहेत. भाकरीच खाणार आहेत, एक.