आधी आवाज ऐका, मग धूर बघा

नमस्कार, शेतकरी मंडळी.

निफाडकडे सध्या पहाटे नाकाचा शेंडा बधिर होतोय. द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्यात, आणि अशाच वेळी कुणाच्या तरी अंगणात कांद्यानं भरलेली पिकअप नुसती घुरघुरत उभी असते. जमलेले चौघे एकच निदान करतात, "डिझेल गोठलं!"

माझा निम्मा जन्म गॅरेजात गेला. आपल्याकडे खरोखर डिझेल गोठल्यामुळे अडलेली गाडी क्वचितच दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पंपावर येणारं डिझेल थंडीच्या मापाचं असतं, ते ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं. निफाडला पारा त्याखालीही उतरतो, पण तो पहाटेचे दोन-तीन तास. तेवढ्यात टाकीतलं ४० लिटर डिझेल काही थिजत नाही. लेह-लडाखची गोष्ट वेगळी. तिथं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल २०१९ पासून मिळायला लागलं. आपलं दुखणं बहुतेक वेळा बॅटरीत, गार इंजिनाला सुरू होताना ऊब देणाऱ्या हीटरमध्ये नाहीतर डिझेलच्या पाइपात असतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, ती ५०० अंशांच्या आसपास तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. इंजिन हळू फिरलं तर ही ऊब गार लोखंडातच जिरते. म्हणून सेल्फ मारताना आधी कान द्या. नुसता 'टक' आला, किंवा 'घुर्र... घुर्र' असं रडत फिरलं, तर डिझेलकडे बघूच नका. बॅटरी बघा.

माझीच फजिती सांगतो. एकदा पहाटे पाचला माझी स्वतःची गाडी अडली. मी वीस मिनिटं सेल्फ मारत बसलो आणि होती नव्हती ती बॅटरीही उतरवली. उजाडल्यावर टॉर्च न घेताच दिसलं, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलेली आणि क्लॅम्प हातानं गोल फिरत होता. गरम पाणी ओतलं, काथ्यानं घासलं, आवळलं, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून केबल जोडली. गाडी लागली. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस मी!

थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि तेव्हाच ऑइल घट्ट झालेलं असतं. विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती थकली समजा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि क्लच दाबून मारा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळायचं ओझं तेवढं कमी होतं.

आता समजा, सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी लागत नाही. मग कुणाला तरी मागं सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. दोष बहुधा हीटर प्लगचा. डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळा दिवा विझेपर्यंत दम धरा. कडक थंडीत चावी बंद करून पुन्हा एकदा तापवा. तरीही नाही, तर जुन्या गाडीत हीटरची वायर काढा, टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक प्लगच्या शेंड्याला टेकवा. दिवा लागला नाही तर तो प्लग मेला. बऱ्याच ट्रॅक्टरना हीटर नसतोच, हे मात्र ध्यानात ठेवा, नाहीतर नसलेली वस्तू शोधत बसाल.

धूरच नाही? मग डिझेल इंजिनापर्यंत पोचलेलं नाही. गाडीनं एअर धरली असेल, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली असेल, किंवा फिल्टरमध्ये पाणी असेल. फिल्टरखालचा नळ ढिला करून पाणी सोडा. जुन्या इंजिनात फिल्टरवरचा एअर स्क्रू अर्धा फेरा सैल करून हातपंप मारा. आधी फेस येतो, फुसफुस होते, मग निर्मळ धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पण कॉमन रेल गाडीत, म्हणजे एकाच नळीत मोठ्या दाबानं डिझेल साठवून सगळ्या सिलिंडरना देणाऱ्या गाडीत, हाय प्रेशरच्या पाइपाला पाना लावू नका. तिथला दाब एक हजार बारच्याही वर जातो, धार कातडीत घुसते. ते काम मेकॅनिकचं.

आणि एक हात जोडून विनंती. टाकीखाली काकडा पेटवू नका, हवेच्या फिल्टरात ईथरचा फवारा मारू नका. हीटर तापलेला असेल तर तो फवारा तिथंच भडकतो. बागेला शेकोटी चालते, गाडीला नाही.

गाडी लागली की लगेच रेस देऊ नका, घट्ट ऑइल टर्बोपर्यंत पोचायला अर्धा मिनिट द्या. पण ते अर्धं मिनिटही शेडचं दार उघडं ठेवूनच. धूर आत कोंडू देऊ नका.

नमस्कार.