पदवी आणि पस्तिशी

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यात जे पदवीधर आहेत त्यांना इतरांपेक्षा एक मत जास्त असतं. विधान परिषदेत सात जागा पदवीधरांच्या आहेत. आपला मतदारसंघ पुणे पदवीधर. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे मिळून एक आमदार. पदवी घेऊन तीन वर्षं झाली की फॉर्म भरायचा, नाव लागतं. आज आपल्याकडच्या पोरांकडं बघितलं तर पदवीनंतर ठरलेल्या मुदतीत हमखास मिळणारी ही एकच गोष्ट उरली आहे असं वाटतं. पगार नाही, पण प्रतिनिधी आहे.

आणि हे कुठं घडतंय? ज्या जिल्ह्यानं सगळ्या देशाला रोजगार हमी दिली, तिथं. तासगाव तालुक्यातलं विसापूर. वि. स. पागे तिथले. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ही कल्पना मांडली आणि साठच्या दशकात पहिला प्रयोग त्याच तालुक्यात झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि योजना राज्यभर गेली. १९७७ साली कायदा झाला, २००५ मध्ये केंद्रानं तशाच धर्तीवर कायदा केला. मागेल त्याला काम. पण ते काम म्हणजे खडी फोडणं, बंधाऱ्यावर माती टाकणं. ज्या माणसानं तेव्हा पाझर तलावावर पाटी उचलली, त्याचा नातू आज बी.कॉम. आहे, एम.ए. आहे, आणि तोही काम मागतोय. त्याच्यासाठी कुठलीही हमी नाही.

आता आकडे. मोजकेच सांगतो, कारण व्याख्यानात आकडे जास्त झाले की लोक घड्याळाकडं बघायला लागतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मानव विकास संस्थेबरोबर २०२४ मध्ये भारताच्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आहे. आणि ज्या तरुणांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के. जवळजवळ नऊ पट फरक. हा आकडा ऐकला की आपल्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे शिकून वाटोळं झालं.’ तसं नाही. ज्याच्या घरात संध्याकाळचं पीठ नाही, त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो आणि मोजणीत ‘रोजगार असलेला’ ठरतो. बेरोजगार राहायलाही पाठीमागं कुणीतरी लागतं.

दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर आहे, आणि पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांमध्ये पाच टक्क्यांच्या आत. वरवर बघितलं तर आनंदाची बातमी. उशिरा का होईना, सगळे लागतात! पण कुठं लागतात? आपल्याकडं एमपीएससीला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. त्याच्या आधी तीन-चार वर्षं पोरगं आतून खचतं. घरचेही बोलायचे बंद होतात. मग तो दुकानात बसतो, इन्शुरन्सची पॉलिसी विकतो, द्राक्षबागेत औषध मारायला लागतो, नाहीतर चुलत्याकडं केरळात जातो. विटा, खानापूर, आटपाडी भागातले लोक सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेत, ते तुम्हाला माहीत आहे. तिथं दहावी नापास मालक असतो आणि एम.एस्सी. झालेला पुतण्या हिशोब लिहितो. यात कमीपणा काही नाही. पण हे काम बाविसाव्या वर्षीही मिळालं असतं. मधली दहा-बारा वर्षं गेली ती कुठं?

ती गेली अभ्यासिकेत. विश्रामबागच्या बाजूला एखाद्या अभ्यासिकेत डोकावून बघा. प्लायवूडचे कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात एक ट्यूबलाइट किंवा एलईडीची पट्टी, चार्जिंगला एक पिन. समोरच्या प्लायवर सिलॅबस चिकटवलेला, त्याच्या शेजारी चालू घडामोडींचं कात्रण, आणि कोपऱ्यात बॉलपेननं लिहिलेलं असतं: ‘पप्पांसाठी’. खुर्चीवर घरून आणलेली उशी. डबा गावाकडनं एसटीनं येतो. पहाटे त्यातलीच निम्मी पोरं ग्राउंडवर असतात, कारण एमपीएससी नाही झाली तर पोलीस भरती आहे. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास मार्क. मुलींना आठशे मीटर. शिवाय तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, कृषी, सगळे फॉर्म. या पोरांना कुणी आळशी म्हणालं की मला राग येतो. इतकं राबणारं आणि इतकं कमी मिळवणारं दुसरं माणूस तुम्हाला मार्केट यार्डातही सापडणार नाही.

याचा खर्च कोण करतं? सरकार नाही. उसाचं बिल आलं की क्लासची फी जाते. बेदाण्याचा सौदा झाला की पुण्यातल्या रूमचं डिपॉझिट जातं. आईनं बचत गटातनं उचललेले पैसे ‘शेळीसाठी’ म्हणून वहीत असतात, आणि टेस्ट सिरीज लावलेली असते.

आता २०२३ ची तलाठी भरती बघा. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेला दोनशेच्या वर उमेदवार. खुल्या वर्गाची फी हजार रुपये, राखीवची नऊशे. निकाल लागला तेव्हा दोनशे गुणांच्या परीक्षेत कुणाला तरी २१४ गुण पडले. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये पेपर झाले म्हणून गुणांचं सामान्यीकरण करतात, त्याचा तो परिणाम. गणितानं ते समजावून सांगता येतं. मी वाणिज्य शिकवलंय, मलाही समजतं. पण १८० मिळवून घरी बसलेल्या पोराच्या बापाला ते समजावून दाखवा. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. त्यात इंजिनिअर होते, एमबीए होते.

इतक्या वाईट शक्यतेवर शहाणी पोरं दहा वर्षं का लावतात? घरी शेतीचा हिशोब काटेकोर करणारी ही पोरं आहेत, जुगारी नाहीत. त्याचं उत्तर समोरच्या पर्यायात आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला पगाराची चिठ्ठी दाखवली. इथल्याच एमआयडीसीत, ठेकेदारामार्फत लागलेला. नाव कशाला घ्यायचं? असे बरेच आहेत. सांगताना पंधरा हजार सांगितले होते. पीएफ कापला अठराशे. बरोबर, बारा टक्के. त्याखाली आणखी एकदा अठराशे. हा कशाचा, विचारलं तर म्हणाला, ‘सर, कंपनीचा वाटा.’ कंपनीचा वाटा कंपनीनं भरायचा असतो, तो कामगाराच्या पगारातनं कापता येत नाही, असं कायदा सांगतो. मग ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ११३, व्यवसाय कराचे २००. हातात आले ११,०८७. त्यात तासगावहून येण्या-जाण्याचं पेट्रोल. ड्युटी कागदावर आठ तास, प्रत्यक्षात बारा. नेमणुकीचं पत्र नाही. अकरा महिने झाले की दोन दिवस बसवायचं आणि परत नवीन नाव घालायचं. तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. शिवाय कुणी ‘उद्यापासनं येऊ नको’ म्हणू शकत नाही. आता सांगा, दोनशेत एक शक्यता असली तरी कुठल्या बाजूला झुकाल?

आणि लग्न. हे बोललं की हसतात, पण आपल्या भागात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. पाच एकर बागायत असलेल्या पोराला मुलगी मिळत नाही. ठेकेदारीवरच्या पोराला तर नाहीच. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, ‘परमनंट आहे का?’ तो प्रश्न विचारणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. त्यानं स्वतः आयुष्यभर टेंपररी काढलेलं असतं.

मुलींचं वेगळं सांगायला पाहिजे. बी.एड. झालेली मुलगी विनाअनुदानित शाळेत शिकवते. सही एका रकमेवर, हातात दुसरी, हे उघड गुपित आहे. लग्न झालं की गाव बदलतं, मग पुन्हा नव्या शाळेत पहिल्यापासून. ती घरी बसली तर मोजणीत बेरोजगारसुद्धा धरली जात नाही, कारण ती काम शोधत नाही असं मानतात.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोललो नाही तर ते बरं दिसणार नाही. कॉलेजात आज शिकवतंय कोण? नेट झालेले, सेट झालेले, पीएच.डी. घेतलेले, आणि घड्याळी तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात, त्यावर काम करणारे. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. जेवढे तास तेवढे पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, निवडणुकीची सुट्टी, सगळी बिनपगारी. बिलं महिनोन्‌महिने अडकतात. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा ऑर्डर. हा माणूस वर्गात उभा राहून पोरांना ‘करिअर’वर बोलतो, आणि पोरं त्याची जुनी स्प्लेंडर बघत असतात. त्या पोरांना कसलं मार्गदर्शन पाहिजे, तुम्हीच सांगा.

सरकार काही करत नाही असं नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला महिना दहा हजार, सहा महिने, नंतर मुदत वाढवून अकरा. अनेकांना पहिल्यांदा कुठल्यातरी ऑफिसात टेबल मिळालं. मुदत संपली, टेबल गेलं. त्याआधी २०२३ च्या सप्टेंबरात खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला होता, तो पोरांच्या संतापापुढं ऑक्टोबरातच मागं घ्यावा लागला. म्हणजे पोरांना काय नको आहे ते त्यांनी स्वच्छ सांगितलेलं आहे.

आता उद्योजकांची बाजू. समोर दोघं-तिघं बसलेत, त्यांच्या चेहऱ्यावरनं कळतंय. ते म्हणतात, ‘सर, पोरांना काही येत नाही. बी.कॉम. झालेल्याला जीएसटीचं रिटर्न भरता येत नाही, मेकॅनिकलवाल्याला मायक्रोमीटर धरता येत नाही.’ निम्मं खरं आहे. आमची पदवी चार-पाच प्रश्नांच्या तयारीवर मिळते, हे मी नाकारत नाही. पण १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा तिथं तयार कारागीर कुठं होते? आसपासच्या गावांतली माणसं घेतली, तिथंच शिकवली, आणि त्यांच्या हातून नांगर निघाले, पंप निघाले. शिकवण्याचा खर्च कारखान्यानं केला. आज तो खर्च पोराच्या बापानं करावा, आणि शिकून आलेल्याला ठेकेदाराच्या दरानं घ्यावं, अशी अपेक्षा आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तो स्वस्त मजूर मिळवण्यासाठी वापरायचा की माणूस घडवायला, हे मालकाच्या हातात आहे.

मग करायचं काय? भरतीचं वेळापत्रक पाळा, पेपर फुटू देऊ नका, हे सरकारला सांगून आपण थकलो आहोत. तरी सांगत राहायचं. पण सांगली-कुपवाडला बसून करण्यासारखंही काही आहे. सरकारी नोकरी आणि इथली नोकरी यातली दरी जितकी खोल, तितकी पोरं जास्त वर्षं अभ्यासिकेत बसणार. सरकारी जागा आपण वाढवू शकत नाही. दरी अलीकडच्या बाजूनं भरता येते. नेमणुकीचं पत्र, मालकाच्या खिशातनं मालकाचा पीएफ, बारा तास घेतले तर चार तासांचा ओव्हरटाइम. यात उपकार काही नाही, हे सगळं आजच्या कायद्यात आहे. ज्यांनी ते पाळलं त्यांच्याकडची पोरं टिकलीत, हे एमआयडीसीत दोन चकरा मारल्या तर दिसतं. पाच हजार वाचवून दर सहा महिन्यांनी नवा माणूस शिकवायचा, यात कुठला धंदा आहे?

कॉलेजांनाही एक काम आहे. कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की माजी विद्यार्थ्यांना फोन सुरू होतात. ‘अरे, कुठं आहेस सध्या? काहीतरी सांग, रकाना भरायचाय.’ पोरगं म्हणतं, ‘सर, शेतीत आहे.’ लिहिलं जातं ‘स्वयंरोजगार’. ‘क्लास लावलाय’ म्हटलं तर ‘उच्च शिक्षण’. रकाना भरतो, समिती जेवते, श्रेणी मिळते. त्याऐवजी जूनमध्ये प्रवेशाच्या नोटीस बोर्डावर, फीच्या तक्त्याशेजारी, एक कागद लावा. तीन वर्षांपूर्वी या शाखेतून इतके बाहेर पडले. त्यातले इतके पगारावर आहेत, पगार साधारण एवढा, इतक्यांना नेमणुकीचं पत्र मिळालं, इतके अजून तयारी करतायत. नावं नकोत. प्रवेशाला आलेला बाप तो कागद वाचेल, आणि खिडकीवर पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारेल. पहिल्या वर्षी काही शाखांचे प्रवेश कमी होतील. प्राचार्य मला शिव्या देतील. दिल्या तर दिल्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागं उभी असलेली पोरं आधी. ज्यांची शेवटची एसटी साडेनऊची आहे त्यांनी हात वर करा.