गुरुजी, इथं एक सही करा

नमस्कार मंडळी. मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, आणि गेली चार वर्षं आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे आपल्या भाषेत पीएचसीच्या, रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य आहे. अशासकीय म्हणजे काय तर पगार नाही, केबिन नाही, कुणाला ऑर्डर सोडायचा अधिकार नाही. मीटिंगचा चहा तेवढा मिळतो आणि तो चांगला असतो, खोटं कशाला बोलू.

माझी पहिली मीटिंग झालीच नाही. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगचे ठराव लिहायची वही, घेऊन घरी आला, मी ओट्यावर ओल्या शेंगा निवडत बसलो होतो, तो म्हणाला गुरुजी, इथं एक सही करा, आणि मी केली. त्या पानावर माझ्या मातीच्या अंगठ्याचा डाग अजून आहे. तो गेल्यावर बायको म्हणाली, वाचलं का काय लिहिलं होतं ते? जन्मभर पोरांना सांगितलं की वाचल्याशिवाय सही करू नका आणि स्वतः... जाऊ द्या.

तर ही समिती आली कुठून ते थोडक्यात सांगतो. १९९४ ला सुरतला प्लेग आला होता, जुन्या लोकांना आठवत असेल, त्या वेळी इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात उंदरांचा नुसता सुळसुळाट होता. तिथल्या कलेक्टरने लोकांना सोबत घेऊन तो दवाखाना रिकामा करून साफ केला, आणि मग दवाखाना लोकांनीच सांभाळायचा या विचारातून मध्य प्रदेशात ही समिती निघाली. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा ती देशभर गेली. म्हणजे बघा, समितीची सुरुवातच झाडू मारण्यापासून आहे, आणि आमच्याकडे मात्र मीटिंग म्हटलं की सगळे इस्त्रीचे शर्ट घालून येतात.

पैशाचं गणित असं होतं, पीएचसीला वर्षाला समितीचे १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि २५ हजार अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायला मोकळे, असे एकूण पावणेदोन लाख. डोंगराळ भागात एका पीएचसीमागे २० हजार लोकसंख्या धरतात, म्हणजे माणशी नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि हे तरी वेळेवर यावेत ना, ते येतात उशिरा, मग मार्चएंडला एकदम धावपळ, तीन कोटेशन आणा, व्हाउचर लावा, पैसे खर्च झाल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट द्या, आणि घाईत जे पटकन खरेदी होतं तेच घेतलं जातं. मी दुसऱ्या वेळी प्रोसिडिंग वाचलं तर त्यात गेटला रंग, नावाचा नवीन बोर्ड आणि झेंड्याच्या खांबाची दुरुस्ती होती. यात कुणी पैसे खाल्ले असं मी अजिबात म्हणत नाही, बिलं चोख होती. पण रंग काही तापावर चालत नाही.

आता माझी चूक पण सांगतो. मी जोर लावून पाण्याचा फिल्टर घ्यायला लावला. मोठा, स्टीलचा, तीन नळांचा. ठराव माझा, टाळ्या मला, पेपरात छोटा फोटो पण आला. आठ महिन्यांत तो बंद. कँडल बदलायची असते, सर्व्हिसिंग असतं, त्याचे पैसे कोण देणार आणि फोन कोण करणार हे ठरावात लिहिलंच नव्हतं. डॉक्टर मॅडम माझ्यासमोर काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर मी कुठलीही वस्तू घ्या म्हटलं की त्या फक्त विचारायच्या, गुरुजी, सर्व्हिसिंग?

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी सकाळी जाऊन बाकावर बसायचं. सदस्य म्हणून नाही, नुसतं म्हातारा माणूस म्हणून, बीपी मोजायला आलोय असं दाखवून. एकदा बघितलं तर एक आजी हातात रिकामी कळशी घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे चालल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, नातसून पहाटे मोकळी झाली, तिच्या अंगाला गरम पाणी पाहिजे. सोलर हीटर होता की छतावर! तर सिस्टर म्हणाली तो दोन पावसाळ्यांपासून बंद आहे, पाइप फुटलाय. कुणाला सांगितलं का? म्हणाली, मीटिंगमध्ये आम्हाला कोण बोलवतंय गुरुजी.

पुढच्या मीटिंगला मी एकच प्रश्न विचारला, बाळंतिणीला गरम पाणी कुठून मिळतं? अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या जिल्हा परिषद सदस्यांनी, डॉक्टर मॅडमकडे बघितलं, मॅडमनी क्लार्ककडे बघितलं, आणि क्लार्क सिस्टरला बोलवायला उठला. ती दारातच उभी राहिली, खुर्ची द्या म्हटल्यावर बसली. त्या दिवशी ती सव्वा तास बोलली. लेबर रूमचा बल्ब, लसीच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ डिग्री ठेवायचं असतं पण रात्री लाइट गेली की तिलाच घरून यावं लागतं, बाळंतिणीसोबतच्या बायकांना रात्री टेकायला जागा नाही, सगळं. आमच्या मॅडम सुद्धा म्हणाल्या की यातलं अर्धं मलाच माहीत नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं, कारण त्यांच्याकडे ओपीडी, दौरे, रिपोर्ट आणि वर तालुक्याच्या मीटिंगा, त्या तरी किती बघणार.

सोलरचा पाइप बदलला, सोबत वर्षाच्या देखभालीचा कागद पण करून घेतला, सर्व्हिसिंग कोण करणार ते नावासकट लिहिलं. पण ढग आले की पाणी कोमट, आणि आमच्याकडे पावसात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. येत्या मीटिंगला गॅसच्या शेगडीचा विषय ठेवलाय, सिलिंडर कुणाच्या नावावर घ्यायचा इथंच गाडी अडलीय. तोवर टपरीवाला पाणी तापवून देतो. पैसे घेत नाही, कळशी तेवढी परत आणा म्हणतो.